मोटर मिस मारते: सात आठवड्यांची नोंदवही

8 फेब्रुवारीला आम्ही काठापासून अर्ध्या किलोमीटरवर होतो. बाबा पुढच्या फळीवर, मी मागे मोटरच्या दांड्याशी. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की मोटर घोगरा आवाज काढायची, होडीचा वेग मरायचा आणि दोन-तीन सेकंदांत सगळं शांत. दोरी ओढायची, पाच-सहा झटक्यांत ती पुन्हा सुरू, पुन्हा तेच. चौथ्या वेळी बाबांनी काही न बोलता वल्ही काढली. परत यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात ते एकच वाक्य बोलले, "वल्ही घेतली होतीस ते बरं केलंस."

मोटर 25 हॉर्सपॉवरची, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, दोरीने सुरू होणारी. वय तिशीच्या आसपास. होडी जुन्यात घेतली तेव्हा तिच्याबरोबर आलेली. मला इंजिनातलं येत काय होतं, तर स्कूटरचा प्लग साफ करणं. आता मोटर नीट चालते, पण त्यात सात आठवडे गेले आणि त्यातले निदान तीन माझ्या उतावळेपणात.

दुसऱ्याच दिवशी मी एका दमात तीन गोष्टी केल्या. दोन्ही प्लग नवे घातले, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं मिसळलं आणि फिल्टर बदलला. मोटर पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात उभी केली, पंखा काढून ठेवला आणि दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला सुरू, दहा मिनिटं सलग चालली. मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या शनिवारी पाण्यात उतरवली आणि काठापासून जेमतेम 200 मीटरवर तोच घोगरा आवाज.

इथे माझ्या दोन चुका झाल्या होत्या. तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे कशाने काय झालं ते कळायला मार्ग उरला नाही. आणि पिंपात मोटरवर ओझं नसतं. तिथे ती हळू फिरते, पेट्रोल थेंबथेंब पिते. पाण्यात पूर्ण थ्रॉटलला एवढी मोटर तासाला सुमारे 10 लिटर मागते. त्यामुळे पुरवठ्यातला दोष पिंपात दिसतच नाही. पिंपातली तपासणी सुरू होण्याबद्दल, ठिणगीबद्दल आणि थंड ठेवणाऱ्या पाण्याबद्दल खरं सांगते, बाकीच्याबद्दल नाही.

एक मात्र त्या दिवशी बरं झालं. काढलेलं जुनं पेट्रोल मी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवलं होतं. सकाळी तळाशी बोटभर वेगळा थर आणि त्यावर पिवळं, वार्निशसारखा वास येणारं पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल ते पाणी घेऊन खाली बसतं. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. फुकटात होणारी ही तपासणी आहे, सगळ्यात आधी हीच करा.

मग घाबरून मी सगळ्यात महाग चूक केली. एका जाणकार म्हणवणाऱ्याने लक्षणं ऐकून ठामपणे सांगितलं, "सीडीआय गेलाय." मी तो डबा, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट पुरवणारा इग्निशनचा भाग, मागवला. पण मागवताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक लागतो. तो असतो होडीच्या फळीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर, आणि माझ्या पट्टीवरची निम्मी अक्षरं झिजलेली. पट्टीवर पातळ कागद धरून वर पेन्सिल आडवी घासली, तेव्हा अक्षरं उमटली. तरी शेवटचं एक अक्षर राहिलं आणि माझी पहिली ऑर्डर त्या एका अक्षरासाठी परत आली. ते अक्षर मोटरच्या पाण्यात उतरणाऱ्या भागाची लांबी सांगतं म्हणे. मोजली, लिहून पाठवली. मग कळलं की त्या सुट्या भागाचा जुना क्रमांक रद्द होऊन नवा आलाय, तेव्हा अर्ज पुन्हा भरा. नऊ दिवसांनी डबा आला, बसवला, काहीही फरक पडला नाही. इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाहीत, हे बिलाच्या मागे बारीक अक्षरात होतं. तो डबा अजून कपाटात आहे आणि या सगळ्या प्रकरणात जेवढा खर्च झाला त्याचा निम्म्याहून जास्त त्या डब्याचा.

त्याच सुमारास बाबांनी त्यांच्या ओळखीच्या एका काकांना फोन लावून दिला. काकांनी हयात अशा मोटरी खोलण्यात घालवलेली. त्यांनी मोटरचं नावही विचारलं नाही. "दुखणं कधी उठतं ते सांग. थंड असताना की गरम झाल्यावर? हळू चालताना की पळताना? मरताना एकदम मरते की धापा टाकत?"

मला एकाचंही उत्तर येईना.

"मग आधी वही घे," ते म्हणाले. "आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, पोरी."

वहीच्या पहिल्या पानावर शेवटी हे उतरलं: सुरू व्हायला त्रास, थंड असताना जास्त. स्लोला लंगडते. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत बरी. त्यापुढे धापा टाकत मरते, एकदम नाही. काका म्हणाले की एकदम बंद पडते ती बहुधा करंटने, धापा टाकत मरते ती बहुधा पेट्रोलने. बहुधा या शब्दावर त्यांचा जोर होता. आणि तुझ्या मोटरला एक नाही, दोन-तीन दुखणी दिसतायत, हेही ते तेव्हाच म्हणाले होते. मी ते ऐकून सोडून दिलं.

22 फेब्रुवारी, कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. ही तपासणी मी टाळत होते, कारण इथे आकडा वाईट आला तर पुढचं सगळं व्यर्थ. गेज उसनं आणलं. दोन्ही प्लग काढायचे, प्लगच्या वायरी इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवायच्या, किल स्विचची दोरी काढून घ्यायची, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा वर सरकायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. थ्रॉटल उघडायचं पहिल्या वेळी विसरले आणि आकडा 90 च्या खाली आल्यावर पोटात गोळा आला. नीट केल्यावर वरच्या सिलिंडरला 118 पौंड, खालच्याला 114. एका आकड्यापेक्षा दोन्हींतला फरक महत्त्वाचा, आणि तो दहा टक्क्यांच्या आत असला की निःश्वास टाकायला हरकत नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले. मोटर म्हातारी होती, पण तिचं काळीज शाबूत होतं.

प्लग काढलेच होते, म्हणून ते पाहिले. वरचा फिकट तपकिरी, कोरडा. खालचा काळा आणि ओला, आणि दोन्ही प्लग दोन आठवड्यांपूर्वीचेच. म्हणजे खालच्या सिलिंडरला पेट्रोल पोचत होतं, पेटत नव्हतं. ठिणगी पाहायचं साधं टेस्टर लावलं. वर निळी, टणक ठिणगी. खाली नारिंगी, मधेच चुकणारी. इथे एक सावधगिरी: दोरी ओढताना प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा फवारा उडतो, तेव्हा ठिणगी त्या भोकांपासून लांब ठेवा आणि टाकी बाजूला न्या.

आता काकांची युक्ती. नवीन काही आणू नकोस, दोन्हींची अदलाबदल कर आणि दुखणं जागा बदलतं का बघ. माझ्या मोटरच्या प्लगच्या रबरी टोप्या वायरीवर स्क्रूसारख्या फिरवून बसवलेल्या होत्या. खालची टोपी वर लावली, वरची खाली. नारिंगी ठिणगी टोपीबरोबर वर गेली! मल्टीमीटरने पाहिलं तर चांगल्या टोपीत 5 किलोओहम आणि वाईट टोपीत आकडा स्थिर राहायलाच तयार नाही. आतून हिरवी गंजलेली. वायरीचं टोक अर्धा सेंटिमीटर छाटून ताजी तांब्याची तार उघडी केली आणि नवी टोपी फिरवून बसवली. स्लोचं लंगडणं तिथेच थांबलं. सीडीआयचा डबा कपाटातून माझ्याकडे बघत होता.

पण पाण्यात गेल्यावर पूर्ण थ्रॉटलला मरणं तसंच. सकाळच्या सुरुवातीलाही चोक बंद केला की गुदमरायची. कार्ब्युरेटर उघडायचा ठरला. गॅस्केट आणि नीडलचा किट मागवला, या वेळी क्रमांक तीनदा तपासून. बारा दिवस लागतील म्हणाले, चौदा लागले.

त्या चौदा दिवसांत पाण्याचा पंप करून घेतला, कारण मोटरच्या बाजूने येणारी पाण्याची पिचकारी क्षीण होती. आधी पिचकारीच्या भोकात नायलॉनची जाड तार घालून पाहिली, कधीकधी तिथे नुसता कचरा असतो. नव्हता. मग खालचा पाय, म्हणजे पंप, गिअर आणि पंखा असलेला मोटरचा पाण्यातला भाग, उतरवणं आलं. चार बोल्ट सुटले, पाचवा हलेना. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट वर्षानुवर्षं बसला की दोन धातू एकजीव झाल्यासारखे होतात. मी जोर लावायला निघाले होते. बाबांनी पाना हातातून काढून घेतला. चार दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ त्यावर गंज सोडवणारं तेल मारलं, हातोडीने हलके ठोके दिले, टाकी लांब नेऊन हीट गनने शेजारचा धातू गरम केला, आट्याचा आठवा भाग सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. पाचव्या दिवशी तो कुरकुरत बाहेर आला. तुटला असता तर भोक पाडून नवे आटे कापावे लागले असते आणि ते काम माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

इंपेलरची, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या रबरी चाकाची, पाती एका बाजूला वाकून तशीच ताठरली होती. नवा बसवताना त्याला शाफ्टला अडकवणारी छोटी चावी जागेवर आहे ना पाहा, आणि वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने शाफ्ट फिरवत पंपाचं घर खाली दाबा म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतात. शाफ्टच्या दात्यांना कडेने ग्रीस लावायचं, डोक्यावर नाही. डोक्यावर ग्रीसचा गोळा राहिला तर शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. गिअरचा दांडा जोडून झाला की पुढे, मधे, मागे असे तिन्ही गिअर पडतात का ते बोल्ट आवळण्याआधी पाहा. मी आवळल्यानंतर पाहिलं, म्हणून सगळं दोनदा केलं. गिअर ऑइलही तेव्हाच बदललं. जुनं दुधाळ होतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. वहीत लिहिलं, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

15 मार्चला किट आला. कार्ब्युरेटर काढण्याआधी सगळ्या बाजूंनी सतरा फोटो काढले आणि नंतर त्यातले सतराच्या सतरा उपयोगी पडले. दांड्या, स्प्रिंगा, कुठली नळी कुठे, काही लक्षात राहत नाही. स्लोचा स्क्रू काढताना आधी आत फिरवून अलगद टेकवायचा आणि किती आटे गेले ते मोजायचे, माझे पावणेदोन. तेवढाच परत उघडायचा. आवळायचा नाही, त्याचं निमुळतं टोक चेपतं.

कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी हिरवट चिकटा. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा. मेन जेट बरा होता, त्यातून आरपार उजेड दिसत होता. स्लोच्या जेटमधून काही दिसेना. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल असतं, मोटर महिनोन्महिने पडून राहिली की पेट्रोल उडून जातं आणि ऑइल-वार्निशचा चिकटा त्या केसाएवढ्या भोकात बसतो. मी सुई शोधायला उठले होते, पण पितळ मऊ असतं, सुईने भोक मोठं होतं आणि मग त्या जेटचं माप बिघडलं ते बिघडलंच. क्लीनरमध्ये रात्रभर बुडवलं, दाबाची हवा मारली, पुन्हा बुडवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडाचा एक ठिपका दिसला. एवढ्याशा ठिपक्याचा एवढा आनंद होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांवर चष्मा मात्र असू द्या. क्लीनरचा फवारा दुसऱ्याच भोकातून थेट तोंडावर येतो.

त्यानंतर मोटर दुसऱ्या झटक्याला सुरू व्हायला लागली. स्लो घड्याळासारखा. 22 मार्चला पाण्यात उतरलो, पूर्ण थ्रॉटल दिला, होडी वर उचलली जाऊन पाण्यावरून पळायला लागली. एक मिनिट, दोन, पाच. बाबांनी मागे वळून अंगठा दाखवला. आठव्या मिनिटाला मोटर धापा टाकायला लागली.

खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी मोटर विकायचं ठरवलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा सहा आठवड्यांचा हिशोब दिसत होता. काकांना फोन केला तर ते हसले. "आता एकच दुखणं उरलंय, मग ते लपणार कुठे? पुढच्या खेपेला मरायला लागली की फुगा दाबून बघा."

फुगा म्हणजे टाकी आणि मोटर यांच्यामधल्या नळीतला रबरी बल्ब. मोटर धापा टाकायला लागली की तो दाबायचा. मोटर सावरली तर दोष पुरवठ्याचा, कारण मोटरवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं काम तुम्ही हाताने केलंत. शिवाय फुग्याकडे नीट पाहायचं. तो चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर टाकीकडे काहीतरी अडलंय, म्हणजे झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद, आतली जाळी तुंबलेली किंवा नळीचं आतलं अस्तर सुटून मिटलेलं. चपटा न होता नुसता मऊ पडला असेल तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा मोटरवरचा पंप थकलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फुग्यापाशी बसवलं. सातव्या मिनिटाला आवाज बदलला, मी ओरडले, "बाबा, दाबा!" त्यांनी दाबला आणि मोटर उसळली. सोडला, पुन्हा धापा. दाबला, पुन्हा उसळली. "किती वेळ दाबायचा गं?" ते विचारत होते आणि मी हसत सुटले होते. फुगा मऊ होता, चपटा नाही.

उत्साहात पूर्ण थ्रॉटलला तसंच दामटू नका, मी लगेच थ्रॉटल खाली घेतला. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि वेगात असं चालवलं तर पिस्टनला ओरखडे पडतात.

मग पुन्हा अदलाबदलीची युक्ती. शेजारच्या होडीवाल्यांची टाकी आणि नळी अर्ध्या तासासाठी मागून घेतली. वीस मिनिटं पूर्ण थ्रॉटलला मोटर एकदाही अडखळली नाही. म्हणजे मोटरवरचा पंप ठीक, दोष माझ्या टाकीत किंवा नळीत. पण नळीला कुठेही ओल नाही, थेंब नाही. फुगा कडक दाबून ठेवला तरी काही गळेना. इथे मी बराच वेळ अडकले. मग उलगडलं की हा पंप ओढतो. ओढणाऱ्या नळीला बारीक फट असली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि उभ्या मोटरवर काहीच दिसत नाही. मोटरच्या झाकणाखाली, कनेक्टरनंतर, पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा हातभर तुकडा तात्पुरता जोडला. स्लोला नळी स्वच्छ. पूर्ण थ्रॉटलला मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे.

मोटरला नळी जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये एक ओ-रिंग असते. माझी काढली तेव्हा ती रबर राहिलीच नव्हती, नखाने टोचली तर टक् आवाज आला. सुरुवातीला फुगा कडक दाबून निघायचो, तेव्हा नळी भरलेली असायची. मग आठ मिनिटांत हवा साठत जायची. नव्या कनेक्टरसह आलेली रिंग बसवली, थोडं ऑइल लावून. सीडीआयच्या त्या डब्याच्या किमतीत अशा शंभरहून जास्त रिंगा आल्या असत्या. नळी आणि फुगाही बदलले, नळी वाकवल्यावर चिरा दिसत होत्या म्हणून.

30 मार्चला चाळीस मिनिटं फिरलो. पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला 5200 फेरे. पुस्तकात 5000 ते 5500 दिलेत. प्लग काढून पाहिले, दोन्ही फिकट तपकिरी. पंख्याच्या रबरी बुशवर आणि पंख्यावर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवली होती, ती तुटलेली नव्हती. म्हणजे बुश घसरत नाहीये. हीसुद्धा काकांचीच युक्ती: आवाज वाढतो पण होडी पळत नाही, असं झालं तर ती रेघ सांगेल.

परत आल्यावर खालचा स्क्रू सैल करून गिअर ऑइलचे दोन थेंब बोटावर घेतले. ऑइल नवं असून महिनाही झाला नव्हता, तरी पुन्हा किंचित दुधाळ. वहीतल्या त्या प्रश्नचिन्हाला उत्तर मिळालं: पाणी अजून आत शिरतंय, बहुधा पंख्याच्या शाफ्टच्या सीलमधून. सीलचा क्रमांक शोधून ठेवलाय, शेवटच्या अक्षरासकट. वल्ही होडीतच आहेत.